झेलिगच्या सुरीची खाच

१

गुरुवारी दुपारी झेलिगच्या सुरीला खाच सापडली, आणि शुक्रवारच्या भाकरी भट्टीत जायच्या आत आमच्या झारनिश्क गावानं त्याला मारून टाकलं. तोंडानं. आमच्याकडे माणूस मारायला दुसरं हत्यार लागत नाही.

मी या गावचा दयान, म्हणजे धर्माच्या प्रश्नांचा निवाडा करणारा. कोंबडीच्या पोटात खिळा निघाला तर बायका माझ्याकडे धावतात, भागीदार भांडले तर ते माझ्याकडे येतात. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही.

झेलिग आमचा शोखेत. धर्माच्या रीतीनं जनावर कापायचा अधिकार गावात त्याच्या एकट्याच्या हाताला. पात्याच्या धारेवर केसाएवढी खाच असली तरी ते जनावर निषिद्ध. म्हणून कापण्याआधी आणि कापून झाल्यावर तो धारेवरून नख फिरवतो, आणि त्या नखाच्या भरवशावर सगळं गाव मांस खातं. आमचा रिवाज असा की गुरुवारी तो सुरी मला दाखवायला आणतो. मी बघतो, परत देतो, मग आम्ही दातात खडीसाखर धरून चहा पितो आणि गावाला नावं ठेवतो. तेवढंच सुख.

त्या गुरुवारी मी पात्यावर नख ठेवलं. जाताना सरळ गेलं. येताना अडकलं.

"खाच," मी म्हणालो.

झेलिग हसला. त्याला थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून त्यानं सुरीसाठी हात पुढे केला. तो इतका थरथरत होता की त्यात पातं द्यायचं माझं धाडस होईना. मी सुरी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

"कापल्यावर मी तपासली होती, रब्बी. गुळगुळीत होती. शपथ घेतो हवं तर."

"कोण शपथ मागतंय? बस. चहा घे."

तो बसला नाही. आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिला.

"मग हे मेलंय," तो म्हणाला. "खाच होती आणि मला कळली नाही, म्हणजे हे मेलंय. पण कधी मेलं, रब्बी? ह्या आठवड्यात? का वर्षापूर्वी? माझ्या हातचं गावानं काय काय खाल्लं असेल?"

मी तोंड उघडायच्या आत तो दार उघडं टाकून निघून गेला. टोपी माझ्याकडेच विसरला.

२

त्या दिवशी झेलिगनं कापलेल्या बैलाचं मांस निवाडा होईपर्यंत कुणी शिजवू नये, असं मी कळवलं. झालं! पुरुष ग्रंथ वाचत बसतात त्या अभ्यासघराला सण मिळाला.

आमचे पुरुष वाईट नाहीत. पण त्यांना एखादा वाद द्या, मग घर जळत असलं तरी ते आधी ज्वाळा कुठल्या दिशेनं निघाल्या यावर भांडतील. आणि हा वाद तर तल्मूदमधलाच, आमच्या जुन्या धर्मग्रंथातला. कापण्याआधी सुरी चांगली, कापल्यावर खाच. ती कुठे पडली? गळ्याच्या कातड्याला लागून पडली असेल तर जनावर खाचेच्या सुरीनं कापलं गेलं, निषिद्ध. मानेच्या हाडाला लागून पडली असेल तर तोवर गळा कापून झालेला, चालेल. यावर आमचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भांडले, आणि ते भांडण तोंडपाठ नाही असा पोरगा आमच्या गावात नाही.

त्यामुळेच एक गोष्ट घडली, जी दुसऱ्या कुठल्या जमातीत घडली नसती. सुरी दाखवा, असं कुणीही म्हणालं नाही. न्हावी असता, सुतार असता, तर पहिल्यांदा तेच म्हणाला असता. पण तल्मूदमधल्या वादात सुरी बघावी लागत नाही. वाद तयार, बाजू तयार, फक्त बाकावर जागा पकडायची.

दोन आवाज सगळ्यांवर चढले. एक काल्मेनचा. हा मुलांना शिकवतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट निषिद्ध ठरली तर त्याला शांत झोप लागेल.

"निषिद्ध!" तो बाकावर मूठ आपटत होता. "बैल निषिद्ध, हंडे निषिद्ध, चमचे उकळा, आणि त्या माणसाला घरी बसवा! खाचेची सुरी म्हणजे करवत. करवतीनं कापलेलं खायचं का आपण?"

दुसरा आवाज मऊ होता. आयझिक, प्रार्थनाघराचे कारभारी तोद्रोस यांचा जावई. कोव्हनो शहराहून शोखेतचा परवाना घेऊन आलेला, आणि आल्यापासून सासऱ्याच्या घरी बसून खाणारा, कारण गावाला दोन शोखेत परवडत नाहीत.

"रागावू नका, रेब काल्मेन," तो म्हणाला. "मांस चालतं. माझं मत पक्कं आहे. कापताना हात नुसता पुढे गेला असेल, मागे आलाच नसेल, तर? बैलाची काय चूक? आता रेब झेलिग थकलेत, त्यांनी मानानं विसावा घ्यावा, हे मात्र मी म्हणेन. पण त्यांनी कापलेल्या मांसाला नावं ठेवू नका."

"काय सोन्यासारखा मुलगा आहे," म्हातारे एकमेकांना म्हणाले. "स्वतःला जागा मिळत असून बिचारा झेलिगची बाजू घेतोय."

शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा पवित्र दिवस, मांसाविना गेला. रविवारी सकाळी पुन्हा तेच सुरू असताना अभ्यासघराचं दार उघडलं आणि झेलिगची बायको हिंदे आत आली. पुरुषांच्या त्या खोलीत बायका येत नाहीत. ती आली. डोक्यावरचा रुमाल वाकडा, हात पिठाचे.

"माझा नवरा गुरुवारपासून जेवला नाही," ती म्हणाली. "पाणी पितो आणि नखावर सुई टोचत बसतो. तुम्ही एवढे शहाणे बसलाय. मला बाकी काही नको. त्याचं नख मेलंय की नाही, एवढं कुणीतरी सांगा."

मग काल्मेननं घसा खाकरला.

"हाच तर खरा प्रश्न, हिंदेबाई. पण त्याआधी बघावं लागेल, की खाच कातड्याला..."

"कातड्याला की हाडाला!" मागून कुणीतरी उचललं, आणि गाडा पुन्हा चालू. हिंदे क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

माझं रक्त उकळलं. मी टेबलावर असा हात मारला की दिव्याची काच फुटली.

"उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर निकाल देतो!" मी ओरडलो. "आणि तोवर जो कातडं म्हणेल त्याचं कातडं मी सोलीन!"

बोलून गेलो. हातात मात्र काहीच नव्हतं.

३

मी आधी गेत्झलकडे गेलो. गेत्झल म्हणजे आमचा खाटीक, बैल त्याचा. त्याची जनावरं झेलिग वरचेवर निषिद्ध ठरवायचा, म्हणून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"मला विचारायला आलात का, मी सुरीला काय केलं?" तो आकड्याला टांगलेल्या बैलाकडे बोट दाखवून गुरगुरला. "बघा! माझंच मांस, माझ्याच नाकासमोर सडतंय. एवढा गाढव दिसतो का मी?"

"गाढव नाहीस. तोंडाळ आहेस. गुरुवारी काय झालं ते सांग."

त्यानं सांगितलं. झेलिगनं बैल कापला. नख फिरवून सुरी तपासली, पुसली, पेटीत ठेवली, पेटी खिडकीत ठेवली. मग बाह्या वर करून बैलाच्या छातीत हात घातला, फुप्फुसात काही दोष आहे का ते चाचपायला. ते काम तो डोळे मिटून करतो. त्या वेळी कत्तलखान्यात तिघं होते. गेत्झल कातडं ओढत होता. काल्मेन कोंबडी कापून घ्यायला (तिला वेगळी, लहान सुरी असते) आला होता आणि खिडकीपाशी उभा राहून उशीर होतो म्हणून बडबडत होता. आणि आयझिक फुप्फुस तपासायची रीत बघायला आला होता.

"खिडकीपाशी कोण गेलं?"

"सगळेच. तिथेच पाण्याचा डबा असतो." गेत्झल थुंकला. "पण एक सांगू का, रब्बी? तुम्ही मांस थांबवलंत, तर सगळी घरं पिशव्या परत घेऊन आली. दोन बोटांत धरून, मेला उंदीर धरावा तशा. तोद्रोसच्या घरचं तेवढं आलं नाही."

"विसरले असतील."

"विसरले? शब्बाथला त्यांच्या हंड्याचा वास माझ्या घरात येत होता. मी उकडलेला बटाटा खात होतो आणि माझाच बैल ते खात होते!"

तिथून मी काल्मेनकडे गेलो. तो मुळा आणि काळी भाकरी खात होता आणि मला बघून खायचा थांबला नाही.

"तुझं झेलिगशी वैर आहे," मी सरळच म्हणालो.

"आहे! प्रार्थनाघरातली माझी पूर्वेच्या भिंतीची मानाची जागा त्याला दिली. वैर नसेल तर काय! पण त्याच्यासाठी मी धर्म वाकवीन, असं वाटतं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर नाही वाटलं. काल्मेन धर्म सोडून बाकी सगळं वाकवील. मग मला माझ्या गुरूंची सवय आठवली. दोन विद्वान भांडताना दिसले की ते कधी विचारत नसत, बरोबर कोण. ते विचारत, हे दोघं भांडतायत कशावर? एकेक गोष्ट दोघांच्या पुढे ठेव, म्हणायचे, आणि कुठल्या गोष्टीपाशी दोघांचे निकाल वेगळे होतात ते शोध. तिथवर पोचेपर्यंत सगळं साप साप म्हणून भुई धोपटणं.

"काल्मेन," मी विचारलं, "सुरीची खाच आहे कशी?"

"कशी म्हणजे? खाच ती खाच. नख जाताही अडकतं, येताही अडकतं."

"आणि जाताना अडकत नसेल, नुसतं येताना अडकत असेल? आणि झेलिगचा हात नुसता पुढेच गेला असेल, मागे आला नसेल?"

"मग चालेल की." त्यानं मुळ्याचा तुकडा मोडला. "एका बाजूच्या खाचेला ग्रंथात तशी सूट आहे. मी कोण नाही म्हणणारा? पण तुम्हीपण काय ते एका बाजूचं घेऊन बसलात? आयझिक शुक्रवारपासून तेच दळतोय. मी त्याला म्हणालो, अरे बाबा, तुझ्या मनातली खाच बाजूला ठेव आणि सुरीवरच्या खाचेबद्दल बोल!"

मी काल्मेनच्या दारातच थांबलो.

४

सोमवारी अभ्यासघरात उभं राहायला जागा नव्हती. मी काल्मेन आणि आयझिकला समोरासमोर बसवलं. तोद्रोस जावयाच्या मागे पोट सावरत उभे राहिले.

"निकालाआधी मला वाद समजून घ्यायचाय," मी म्हणालो. "विचारीन तेवढंच बोलायचं. एक समजा. खाच येता-जाता दोन्हीकडे अडकणारी आहे. काल्मेन?"

"निषिद्ध."

"आयझिक?"

"तशी असेल तर निषिद्धच, रब्बी. त्यात वाद कसला?"

"आता समजा, खाच एकाच बाजूनं अडकते, आणि हात फक्त दुसऱ्या बाजूनं गेला. आयझिक?"

"चालेल."

"काल्मेन?"

"चालेल. काल सांगितलं ना."

खोलीत कुजबुज सुरू झाली. मग जमलेल्या सगळ्यांकडे वळलो.

"शुक्रवारपासून हे दोघं भांडतायत. तुम्ही बाजू घेतल्यात, एकमेकांच्या दाढ्या ओढायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. कशावर? धर्म दोघांचा एक. एकच सुरी दोघांच्या हातात दिली तर दोघं एकच निकाल देतील. यांचं भांडण धर्मावर नाहीच! खाच कशी आहे, एवढ्यावर आहे. काल्मेन ग्रंथातली खाच धरून बोलतोय, नेहमीची, दोन्हीकडे अडकणारी. ज्यानं सुरी बघितली नाही तो तेच धरणार. पण आयझिक पहिल्या दिवसापासून एका बाजूची खाच धरून बोलतोय. आणि 'समजा' म्हणून नाही. 'माझं मत पक्कं आहे' म्हणून."

"मी आपलं एक शक्यता म्हणून..." आयझिक म्हणाला.

"शक्यता म्हणून माणूस बोलतो. शक्यतेवर शब्बाथचा हंडा चढवत नाही. सगळ्या गावानं मांस परत केलं. तू खाल्लंस. देवाला भिणारा माणूस आहेस तू, मांसाच्या चमच्याला दुधाचा चमचा लागला तर उपास करणारा. तू मांस खाल्लंस, म्हणजे ते चांगलं आहे हे तुला माहीत होतं."

"रेब झेलिगनी सांगितलं मला खाचेबद्दल."

"झेलिगनं?" आता माझा आवाज चढला. "झेलिगनं ती खाच अजून हातानं बघितलेली नाही! मी त्याच्या हातात सुरी दिलीच नाही. ती कपाटात आहे आणि किल्ली ही इथे आहे. खाच येताना अडकते, जाताना अडकत नाही. हे जगात फक्त माझ्या नखाला ठाऊक आहे. आणि ज्यानं ती पाडली त्याला!"

तोद्रोस ओरडले, "रब्बी, तोंड सांभाळा, माझा जावई आहे तो!"

"मग तुम्ही विचारा जावयाला!"

त्यांनी विचारलं नाही. आयझिक सासऱ्याकडे वळून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अपमान जास्त दिसत होता, समजून घेतलं नाही म्हणून रुसलेल्या मुलासारखा.

"धार लावायच्या दगडाच्या कोपऱ्यानं," तो म्हणाला. "एकदाच ओढला. पण गळा कापून झाला होता, रब्बी. सुरी त्यांनी तपासली होती, गुळगुळीत होती, मी बघत होतो. त्यानंतरच मी हात लावला. मुद्दाम एका बाजूची पाडली, म्हणजे मांसाला पळवाट राहील, गेत्झलचंही नुकसान व्हायला नको. गावात एकाच्याही तोंडात निषिद्ध घास गेला नाही. मी काळजी घेतली."

काळजी घेतली! बैलाची काळजी घेतली, खाटकाची घेतली, हंड्याची घेतली. आणि गल्लीच्या टोकाला एक माणूस उपाशी बसून स्वतःच्या नखात सुया टोचत होता, त्याची कुणी घ्यायची?

मी काय काय ओरडलो ते मला नीट सांगता येणार नाही. लोक म्हणतात की चौकापर्यंत ऐकू आलं. एवढं नक्की सांगितलं की आयझिकनं या जन्मी सुरी हातात धरायची नाही, बैलावर नाही आणि कोंबडीवरही नाही, आणि कोव्हनोला तसं माझ्या सहीनं कळेल. तोद्रोस बाकावर बसले. पोरगा मान खाली घालून रडत होता आणि मला त्याची जराही दया आली नाही.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला:

"रब्बी, एक शंका. खाच पाडणाऱ्यानं सुरीची भरपाई द्यायची, की मांसाचीही? कारण मांसाला त्यानं प्रत्यक्ष हात लावलेला नाही..."

"मांसाची कशी येईल?" दुसरा लगेच म्हणाला. "अप्रत्यक्ष नुकसान ते!"

मी पुस्तक ठेवायची लाकडी घोडी उचलली आणि त्यांच्या दिशेनं फेकली. लागली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

५

सुरी घेऊन मी झेलिगकडे गेलो. मागून सगळं अभ्यासघर आलं. मी हाकललं नाही, येऊ द्या म्हटलं.

झेलिग चुलीपाशी स्टुलावर बसला होता. दाढी विस्कटलेली, नखाखाली रक्त साकळलेलं. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळेना.

"तुम्ही चांगले आहात, रब्बी," तो शेवटी म्हणाला. "माझं मन राखायला तुम्ही काहीही बोलाल."

"मी? मी आजवर कुणाचं मन राखलंय?"

तरी तो हलेना. मी फडकं सोडलं आणि सुरी त्याच्यापुढे धरली. त्यानं हात मागे घेतला. हिंदे पुढे आली, त्याचा हात मनगटाशी धरला आणि पात्यापाशी आणला.

"बघ," ती म्हणाली. "नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही."

त्यानं डोळे मिटले. नख धारेवर ठेवलं. नेलं. आणलं. मधेच थांबला.

"जाताना नाही," तो म्हणाला. "येताना. इथे."

बोट बरोबर खाचेवर होतं. त्यानं पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. पुन्हा. मग डोळे उघडले, आणि इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही असा तो माणूस उभा राहून किंचाळला.

"मेलं नव्हतं! मला गुळगुळीत लागली होती, कारण ती गुळगुळीत होती! मी सांगत होतो ना! गुरुवारी सांगितलं होतं ना!"

दारात गर्दी होती. काल्मेन टोपी हातात घेऊन पुढे आला. डोळे ओले होते, मी खोटं बोलणार नाही.

"रेब झेलिग, क्षमा करा," तो म्हणाला. "म्हणजे, क्षमेविषयी मूळ वचन असं आहे की ज्यानं आपल्या बांधवाला..."

"क्षमा मागायची तर नुसती मागा," हिंदे म्हणाली. "वचन घरी ठेवून या."

आणि तिनं दार लावलं. काल्मेनच्या तोंडावर, सगळ्या अभ्यासघराच्या तोंडावर. मी आत राहिलो, तो केवळ तिचं लक्ष नव्हतं म्हणून. झेलिग परत स्टुलावर बसला. मग त्यानं विचारलं, हेरिंग मासा आहे का घरात, आणि हिंदे भाकरी कापायला लागली.